एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा म्हणजे इम्यून सिस्टिम आपल्याच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांवर हल्ला करते) इम्यून सिस्टिमला नव्याने शिकवणारं औषध येतंय म्हणे, मग आत्ताची इंजेक्शनं सुरू करावी की थांबावं?

थांबू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण अगदी हाच प्रश्न आमच्या घरात निघाला होता आणि तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. २०२३ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ दुपारी शेतातून आला की त्याला उजव्या डोळ्याने धुरकट दिसायचं, डोक्यावर गार पाणी ओतलं की जरा बरं वाटायचं. काका म्हणाले, "त्याले ऊन लागनं शे, दुसरं काय नही." आमच्याकडे मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो म्हणून सगळ्यांना पटलं. पण एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं उफाळून येतात, हे नाशिकला न्यूरोलॉजिस्टने एमआरआय बघून समजावलं आणि रिटुक्सिमॅब हे इम्यून सिस्टिमला आवरणारं इंजेक्शन लगेच सुरू करा म्हणाले. तेवढ्यात सप्टेंबरमध्ये काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शिकागोच्या "उलट्या लसी"ची बातमी आली आणि काकांनी ठरवूनच टाकलं की आता लसच येतेय, पोराला जन्मभर सुया कशाला. मी भांडले, अख्खी बातमी वाचून दाखवली, तर मला म्हणाले तू तुझं सासर सांभाळ. वडील मोठ्या भावापुढे बोलत नाहीत. होळीच्या सुमारास भावाचा डावा पाय लुळा पडला. स्टिरॉइडच्या सलाईनने बराच सुधारला, पण अजून पाय घासतच चालतो.

त्या बातमीत काय होतं ते ऐका. शिकागो विद्यापीठाच्या जेफ्री हबेल यांच्या टीमने मायलिनच्या (नसांवरचं आवरण, एमएसमध्ये हल्ला त्याच्यावरच होतो) तुकड्याला एक साखरेचा रेणू जोडला, तो तुकडा लिव्हरकडे जातो आणि तिथे टी पेशींना (इम्यून सिस्टिमच्या हल्ला करणाऱ्या पेशी) शिकवलं जातं की हे आपलंच आहे, याच्यावर जाऊ नका. म्हणजे खळ्यावरच्या राखणीच्या कुत्र्याला मारायचं नाही, घरची माणसं ओळखायला लावायची. आत्ताची औषधं बहुतेक कुत्र्यालाच बांधून ठेवतात, म्हणून इन्फेक्शनची भीती राहते. कल्पना सुंदरच आहे, मला त्याबद्दल शंका नाही. पण हे झालं उंदरांवर! उंदराला एमएससारखा आजार आपणच देतो, मायलिनचा कोणता तुकडा वापरला ते माहीत असतं. माणसात पेशी नेमक्या कशावर चिडल्यात तेच पक्कं ठाऊक नाही, आणि पेशंटगणिक वेगळंही असू शकतं. माणसांवर काहीच झालं नाही असंही नाही, २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या ट्रायलमध्ये ९ पेशंटना त्यांच्याच रक्तपेशींवर मायलिनचे ७ तुकडे चिकटवून परत दिले होते, पण ती ट्रायल मुख्यतः सुरक्षित आहे का एवढंच बघायला होती.

२०२५ चं मेडिसिनचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं, इम्यून सिस्टिमला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशींच्या शोधासाठी. त्या दिवाळीत काकांनी ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली, "बघा, मी म्हणत होतो ना." काका, बातमी खरी होती, थांबणं चुकीचं होतं. साकागुचींचा मूळ पेपर १९९५ चा आहे, त्याला नोबेल मिळेपर्यंत तीस वर्षं गेली आणि पोराचा पाय जायला एक हिवाळा पुरला. शिवाय इम्यून सिस्टिम उद्या शहाणी झाली तरी मेलेली नस त्याने परत येत नाही, म्हणजे आत्ताची इंजेक्शनं घेऊन जे वाचवाल तेच त्या औषधाच्या वेळी हातात असेल. भावाचं रिटुक्सिमॅब नंतर सुरू झालं, तेव्हापासून एमआरआयमध्ये नवीन डाग नाही.

भारतात कधी येईल म्हणाल तर तारीख कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि कोणी स्टेम सेलच्या नावाखाली पैसे भरून इम्यून सिस्टिम "रिसेट" करून देतो म्हणालं तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

हो, मी डॉक्टर नाही. तुमचा एमएस रिलॅप्सिंग (अधूनमधून उफाळणारा) आहे की प्रोग्रेसिव्ह (हळूहळू वाढतच जाणारा) यावर औषध बदलतं. रिटुक्सिमॅब ठरलंच तर आधी हेपॅटायटिस बीची टेस्ट करून घ्या, आणि लसी राहिल्या असतील तर त्या औषध सुरू करण्याआधी घ्यायच्या का तेही विचारा, नंतर लसींचा असर कमी होतो.