अलास्का क्रूझ : किनाऱ्यावरच्या टूर घ्यायच्या तरी किती?

प्रश्न : नमस्कार. आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे सिएटलला जातोय आणि त्याने सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक करून टाकलीये. जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकान आणि शेवटी व्हिक्टोरिया. आता म्हणतो, शोअर एक्सकर्शन तुम्हीच निवडा! जहाजवाल्यांची यादी उघडली तर हेलिकॉप्टर, कुत्र्यांच्या गाड्या, व्हेल, ट्रेन, काय नि काय, आणि डॉलरचे रुपये करून यांनी तर लॅपटॉपच बंद केला. सगळ्या घ्याव्या लागतात का? बाहेरून स्वस्तात घेतली आणि जहाज आम्हाला टाकून निघून गेलं तर? माझे गुडघे कुरकुरतात आणि हे शुद्ध शाकाहारी आहेत, तेही सांगून ठेवते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, टूरचं बघू नंतर, आधी मुलाला फोन करून विचारा की तुमच्या दोघांच्या कॅनडाच्या व्हिसाचं काय केलंय. हे पहिल्यांदा सांगतेय कारण तिकडे नोकरीला असलेल्या मुलांच्या हे डोक्यातच येत नाही, त्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाहीतर तिथला पासपोर्ट असतो, त्यांचं अडत नाही, पण भारतीय पासपोर्टवर आलेल्या आईवडिलांना व्हिक्टोरियासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. बरं, व्हिक्टोरियाला जहाज येतं संध्याकाळी आणि थांबतं जेमतेम काही तास, मग लोक म्हणतात आम्ही उतरणारच नाही, केबिनमध्ये झोपतो, व्हिसा कशाला? तसं चालत नाही. जहाज तिथे लागणार म्हणजे कागद हवेतच, आणि तपासतात सिएटलला चढतानाच. तिथून परत पाठवलं की पैसेही गेले. व्हिक्टोरियाहून परत अमेरिकेत शिरायचं असतं, म्हणून अमेरिकेचा व्हिसाही मल्टिपल एंट्रीचा आहे ना, एकदा बघून घ्या.

आणि व्हिक्टोरिया यादीत आलंच कुठून, तर अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन मधे कुठल्याही परक्या देशात न थांबता परत अमेरिकेतच उतरवायचे नाहीत. ही मोठी जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्याखाली असतात. म्हणून तो रात्रीचा थांबा. एवढ्यासाठी तुम्हाला व्हिसाच्या फॉर्मची डोकेदुखी!

आता टूर. सगळ्या अजिबात घेऊ नका. माझं मत विचाराल तर दोनच घ्या, जुनोला व्हेल आणि स्कॅगवेला ट्रेन, बाकी ठिकाणी आपलं आपण फिरा.

जहाज निघून जाईल ही भीती खरी आहे, पण अलास्कात तेवढी नाही. नियम असा की जहाजवाल्यांच्याच टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरच्या टूरला उशीर झाला तर थांबत नाही, मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. युरोपात बंदर एकीकडे आणि शहर दीड तासावर असतं, तिथे मी जहाजाचीच टूर घ्या म्हणेन. इथे गाव बहुतेक वेळा जहाजाच्या शिडीपासून चालत अंतरावर असतं आणि बाहेरचे टूरवाले रोज जहाजांच्याच वेळापत्रकावर जगतात. फक्त दोन गोष्टी पाळा. जहाज सुटायच्या साधारण अर्धा तास आधी ‘ऑल अबोर्ड’ असतं, म्हणजे तोवर सगळ्यांनी जहाजावर परतायचं, तीच आपली खरी वेळ धरायची. आणि अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे, फोन आपला आपण कुठली वेळ पकडेल भरवसा नाही, म्हणून उतरताना जहाजाची वेळ बघून काकांच्या मनगटावरच्या घड्याळात लावून टाका.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच जात नाही, बोटीने या नाहीतर विमानाने. व्हेलच्या बोटी ऑक बे नावाच्या जागेवरून सुटतात, शहरातून बसने नेतात. हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईला असतात आणि उन्हाळ्यात इकडे फक्त खायला येतात, त्यामुळे जूनमध्ये दिसायची शक्यता भरपूर. आधी पाण्यावर फवारा दिसतो, मग काळी पाठ वळते, आणि शेपूट वर आली की समजा ती खोल गेली, आता पाच-सात मिनिटं गप्प बसायचं. लोक इथेच फोटोच्या नादात सगळं घालवतात, तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बघा. बोट बंद केबिनची आणि टॉयलेट असलेली आहे ना, बुक करताना विचारा, गुडघ्यांना उघड्या रबरी बोटीचे दणके नकोत. वेळ उरला तर मेंडेनहॉल ग्लेशियर. व्हिजिटर सेंटरजवळच सपाट पायवाट आहे, तिथून हिमनदी समोर दिसते. नगेट फॉल्सपर्यंतचा रस्ताही चढाचा नाही, पण एका बाजूने मैलभर आहे, जमेल तेवढं जा.

स्कॅगवेची ट्रेन मात्र सोडू नका. व्हाइट पास अँड युकॉन रूट. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि हजारो माणसं या घाटातून वर निघाली, प्रत्येकाला वर्षभराचं सामान घेतल्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढे सोडत नव्हते, त्या ओझ्याखाली जवळजवळ तीन हजार घोडे मेले, त्या दरीला आजही डेड हॉर्स गल्च म्हणतात. मग १८९८ला रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या दोन फुटी गाडीची थोरली बहीणच समजा. वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. जाताना डावीकडची खिडकी पकडा, दरी त्या बाजूला. वर पोचल्यावर इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं, बाकांच्या पाठी उलट्या फिरवतात आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी जागा बदलायची असते. त्या वेळी ‘मी आधी बसलोय’ म्हणून अडून बसणारे आपलेच लोक निघतात हो, काकांना आधीच सांगून ठेवा! वरपर्यंत जाऊन परत येणारी साधी ट्रिप घ्या, सगळी मिळून अडीच-तीन तासांची, खाली उतरायचंच नसतं, गुडघे खूश.

केचिकानला पैसे खर्चू नका. पाऊस धरूनच चला, तिथे वर्षाला साधारण दीडशे इंच पडतो. खांबांवर उभी लाकडी घरं असलेली क्रीक स्ट्रीट, टोटेमचे खांब (तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब), एक कॉफी, झालं. साल्मन माशांची गर्दी जुलै-ऑगस्टची, जूनमध्ये फार अपेक्षा नको.

हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर उतरून कुत्र्यांच्या गाडीत बसायची टूर माणशी कित्येकशे डॉलर होते आणि ढग आले की रद्द. पैसे परत मिळतात पण दिवस जातो. तरुण असतील, हौस असेल तर जरूर, तुमच्यासाठी नाही.

जेवणाचं मुलाला आत्ताच कंपनीला लिहून कळवायला सांगा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला स्वतः भेटा, दुसऱ्या दिवसाची भाजी-आमटी आदल्या रात्री सांगितली तर बरेचदा करून देतात. किचनमध्ये, डायनिंगमध्ये गोव्याची, मुंबईची मुलं हमखास असतात, कोकणी-मराठी कानावर पडली की त्यांनाही बरं वाटतं. तरी मेतकूट आणि लोणच्याचं पाकीट असू द्या, फक्त ते जहाजावरच ठेवा, किनाऱ्यावर खायचे पदार्थ नेऊ नका. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल बघून काका परत लॅपटॉप बंद करतील. टिप रोज माणशी आपोआप बिलात लागते, ती बजेटमध्ये धरा.

प्रश्न : अलास्कासाठी बाल्कनीवाली केबिन घ्यावी का? जहाज लागतं का फार?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : परवडत असेल तर घ्या, पण त्यासाठी ट्रेन किंवा व्हेल कापत असाल तर नको. ग्लेशियर बेमध्ये कोणी खाली उतरतच नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात, आणि मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज हळूहळू स्वतःभोवती वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं. वरचा डेक सगळ्यांचाच असतो, कानटोपी घालून तिथे लवकर जाऊन उभं राहायचं. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी ती अख्खी खाडी बर्फाने भरलेली होती, आता जहाज कित्येक मैल आत जातं. बर्फाचा कडा आधी पडताना दिसतो, आवाज नंतर येतो, त्यामुळे आवाज ऐकून वळलात तर चुकलात.

लागायचं म्हणाल तर सिएटलहून सुटणारी जहाजं बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात, तिथे हलतं. व्हँकुव्हरहून सुटणारी बेटांच्या आडोशाने आतून जातात, ती शांत. त्रास होत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागा, आणि गोळी पोटात ढवळायला लागायच्या आधी घ्या, कुठली घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून.