‘सेव्ह’ होत नाही म्हणून क्षेत्र सोडू का?

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मोटर-चाचणीच्या रिगसाठी लॅबव्ह्यूमध्ये (आकृत्या जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट केलाय. व्हीआय फाइल्स, म्हणजे त्यातले छोटे-मोठे प्रोग्राम, दोनशेच्या वर गेल्यात. आता एक फाइल नुसती उघडून बंद केली तरी वीस-पंचवीस फाइल्स सेव्ह करायच्या का म्हणून विचारतं. ‘हो’ म्हटलं तर कधी एरर येते, ‘नाही’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी कालचं काम गायब. मित्राच्या लॅपटॉपवर तर प्रोजेक्ट उघडतच नाही. सबमिशन महिन्यावर आलंय. मामा म्हणतात, हे चित्रातलं प्रोग्रामिंग सोड, पायथन शिक आणि आयटीत जा. माझंही मन उडालंय. काय करू?

उत्तर : मामांचं नंतर बघू. आधी प्रोजेक्ट वाचवू, कारण वैतागलेल्या डोक्याने घेतलेला करिअरचा निर्णय मला कधीच भरवशाचा वाटत नाही.

आजच्या आज एक काम कर. चौघांच्याही लॅपटॉपवरचे प्रोजेक्टचे फोल्डर जसेच्या तसे एका वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ठेव. नावात तारीख आणि कोणाचा लॅपटॉप ते लिही. पुढे काहीही बिघडलं तरी इथवर परत येता येईल.

आता ते सतत विचारणं. फाइलच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत नावापुढे चांदणी दिसते ना, ती म्हणजे ‘मी बदलले आहे, पण सेव्ह झालेले नाही’. तू काही बदललं नाहीस तरी ती येते. लॅबव्ह्यूच्या एकाच फाइलमध्ये तू काढलेली आकृती असते आणि तिच्यापासून तयार झालेला यंत्राचा कोडही असतो. तुमच्यापैकी कोणी एखाद्या टाइप डेफमध्ये (अनेक व्हीआयनी मिळून वापरायचा डेटाचा साचा) एक रकाना वाढवला, की ती वापरणारी प्रत्येक व्हीआय पुन्हा कंपाइल होते, म्हणजे तिचा यंत्राचा कोड नव्याने तयार होतो, आणि प्रत्येकीला चांदणी लागते. त्यामुळे आकडा पाहून घाबरू नकोस, कारण बघ. फाइल उघडून कंट्रोल-आय दाब. व्हीआय प्रॉपर्टीजच्या पहिल्याच पानावर ‘लिस्ट अनसेव्ह्ड चेंजेस’ असं बटण आहे. नुसतं पुन्हा कंपाइल झालं असं तिथे लिहिलेलं असेल तर बिनधास्त सेव्ह कर. पण एखादी सब-व्हीआय (दुसऱ्या व्हीआयच्या आत वापरलेली व्हीआय) दुसऱ्याच ठिकाणाहून उचलली असं दिसलं तर हात आवर. ‘सेव्ह ऑल’ दाबलंस तर तो चुकीचा पत्ता कायमचा बसेल.

याच पानावर फाइलचा डिस्कवरचा पूर्ण पत्ताही दिसतो. ‘कालचं काम गायब’चं उत्तर मला तिथेच सापडेल असं वाटतं. तुमच्याकडे एकाच नावाच्या फाइल्स नक्की तीन-चार जागी असणार. एक डी ड्राइव्हवर, एक वनड्राइव्हच्या डॉक्युमेंट्समध्ये, एक कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर. एका प्रोजेक्टमध्ये एकाच पूर्ण नावाच्या दोन फाइल्स लॅबव्ह्यू एकाच वेळी मेमरीत ठेवत नाही. जी आधी उघडली तिलाच बाकीच्या व्हीआय जोडल्या जातात. काल तू पेनड्राइव्हवरची सुधारलीस आणि आज डी ड्राइव्हवरची उघडलीस, की काम गेल्यासारखं वाटतं. ते गेलेलं नसतं, दुसरीकडे पडलेलं असतं. प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइल्सची यादी दाखवणाऱ्या खिडकीत, ‘फाइल्स’चा वेगळा टॅब आहे, तो उघड. कुठली फाइल खरोखर कुठल्या फोल्डरात आहे ते तिथे दिसतं. प्रोजेक्टबाहेरचं जे दिसेल ते शोधून आत आण. फाइल हलवायची असेल तर याच टॅबमधून हलव. विंडोजमधून ओढून नेलीस तर तिला बोलावणाऱ्या व्हीआयना कळत नाही.

ही भानगड बहुतेक वेळा ‘सेव्ह ॲज’मधून सुरू होते. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून जुनी प्रत बाजूला ठेवायची आपली सवय असते. लॅबव्ह्यूत त्या खिडकीत वेगवेगळे पर्याय येतात आणि घाईत सगळे पहिलाच दाबतात. ‘सबस्टिट्यूट कॉपी फॉर ओरिजिनल’ निवडलंस, की मेमरीतल्या सगळ्या व्हीआय नव्या प्रतीला जोडल्या जातात. तू ‘बॅकअप’ म्हणून जी प्रत काढलीस, तीच आता चालू प्रोजेक्टचा भाग झाली. नुसती प्रत हवी असेल तेव्हा ‘क्रिएट अनरेफरन्स्ड डिस्क कॉपी’, नाव बदलायचं असेल तेव्हा ‘रीनेम’. तुमच्या फोल्डरात ‘मेन फायनल’, ‘मेन फायनल २’ असली नावं असतील तर संशयित तिथेच आहेत!

एररचं कारण तिच्या मजकुरावरून कळेल, पण नेहमीचे गुन्हेगार थोडेच असतात. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला साधारण 260 अक्षरांची मर्यादा असते. वनड्राइव्हचं फोल्डर, त्यात कॉलेजचं लांबलचक नाव, त्यात फोल्डरात फोल्डर, असं करत ती सहज ओलांडली जाते. प्रोजेक्ट ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हवर अगदी वरच्या पातळीला, छोट्या नावाच्या फोल्डरात ठेव आणि वनड्राइव्हच्या बाहेर ठेव. मुख्य व्हीआय चालू असताना तिच्या आतल्या व्हीआयमध्ये बदल करता येत नाहीत, आधी ती थांबव. सेव्हच्या यादीत लॅबव्ह्यूच्या स्वतःच्या ‘व्हीआय लिब’मधल्या फाइल्स आल्या तर त्यांना नकार दे. आणि एखादी फाइल विनाकारण काही एमबींची झाली असेल तर तिच्यातला ग्राफ बघ. कोणीतरी चाचणीचे सगळे आकडे ‘डिफॉल्ट’ करून, म्हणजे फाइलमध्येच साठवून ठेवले असतील.

मित्राच्या लॅपटॉपचं कोडं मला सोपं वाटतं. त्याच्याकडे जुनी आवृत्ती असणार. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल जुनीत उघडत नाही. नव्यातून ‘सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जन’ करून देता येते, पण रोज ते करत बसू नका, चौघेही एकाच आवृत्तीवर या. मग प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये कंपाइल झालेला कोड मूळ फाइलपासून वेगळा ठेवण्याची सोय आहे (2010च्या आवृत्तीपासून आली), ती आधीच्या फाइल्सनाही लागू करा आणि एकदाच सगळं सेव्ह करा. चांदण्यांचा त्रास बराच कमी होईल. गिट (फाइल्समधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरत असाल तर लक्षात ठेवा, व्हीआय ही मजकुराची फाइल नाही, दोघांचे बदल गिट आपोआप जुळवू शकत नाही. म्हणून फोल्डर वाटून घ्या आणि एका वेळी एका फाइलला एकच हात लागू द्या.

आता मामा. ते अर्धे बरोबर आहेत. पायथन शीकच, 2018 पासून लॅबव्ह्यूतून पायथनचा कोड थेट बोलावता येतो आणि चाचणीच्या क्षेत्रात दोन्ही येणारा माणूस उपयोगाचा असतो. पण ‘चित्रातलं प्रोग्रामिंग’ म्हणून हिणवण्यासारखं यात काही नाही. ही भाषा 1986 पासून टिकून आहे आणि सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या महाकाय कणत्वरकातले कोलिमेटर (कणांच्या झोताच्या कडेचे भरकटलेले कण अडवणारे ठोकळे) हलवण्याच्या यंत्रणेत ती वापरली गेली आहे. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ती बनवणारी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी 2023 मध्ये इमर्सन या दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि लॅबव्ह्यूची नवी पिढी म्हणून आणलेली एनएक्सजी त्याआधीच गुंडाळली गेली होती. त्यामुळे एका साधनाशी लग्न लावू नकोस. तुझं क्षेत्र चाचणी आणि मापन हे आहे, लॅबव्ह्यू हे त्यातलं एक अवजार.

आणि हे क्षेत्र तुझ्या घरापासून लांब नाही. पुणे-चाकण पट्ट्यात वाहनं, मोटर्स, बॅटऱ्या यांच्या चाचण्यांची कामं आहेत. तिथे नव्या माणसाला कोरा कागद क्वचित मिळतो. मिळतो तो आधीच्या कोणीतरी सोडून गेलेला, शेकडो फाइल्सचा, उघडताच वीस प्रश्न विचारणारा प्रोजेक्ट. तू पुढच्या आठवड्यात जे करशील तेच तिथे पगार घेऊन करायचं असतं. म्हणून प्रत्येक दुरुस्तीची एक ओळ लिहून ठेव, काय दिसलं, कारण काय निघालं, काय केलं. ते पान मुलाखतीला घेऊन जा. ‘लॅबव्ह्यू येतं’ असं बायोडेटात पुष्कळ जण लिहितात, असं पान फार थोड्यांकडे असतं.

प्रमाणपत्राचं विचारशील म्हणून सांगतो. लॅबव्ह्यूच्या प्रमाणपत्र परीक्षांमधली सीएलएडी (सर्टिफाइड लॅबव्ह्यू असोसिएट डेव्हलपर) ही पहिली पायरी नवख्यासाठी ठीक आहे, पण वजन त्यापुढच्या सीएलडीला (सर्टिफाइड लॅबव्ह्यू डेव्हलपर) जास्त. तिथे प्रत्यक्ष प्रोग्राम लिहावा लागतो आणि मांडणी, टिपणं यांनाही गुण असतात. घरी सरावासाठी लॅबव्ह्यूची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. मात्र तिचा परवाना पदवीच्या शैक्षणिक कामाला चालत नाही, तेव्हा कॉलेजचा प्रोजेक्ट कॉलेजच्या परवान्यावरच ठेवा.

सबमिशनची प्रत देताना प्रोजेक्टमधून ‘सोर्स डिस्ट्रिब्युशन’ बनव, म्हणजे लागणाऱ्या फाइल्स एका जागी गोळा होतील. ती त्याच मित्राच्या लॅपटॉपवर, आधीचं फोल्डर काढून टाकून, उघडून बघा. उघडली तरच सरांकडे द्या. पायथनचा क्लास त्यानंतर लाव, या महिन्यात नको.