वाचकांचे प्रश्न : यादी हाती असताना कपाटे कशाला?

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि ठाण्यातील एका वाचनालयाची जुनी सभासद आहे. तेथील पुस्तकांची यादी आता संगणकावर आली असून नाव कळवले की कर्मचारी पुस्तक काढून ठेवतात. माझ्या मुलाचे म्हणणे असे की, यादी घरी बसून पाहता येत असताना शनिवारची संध्याकाळ कपाटांपुढे घालवण्यात काही हशील नाही. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. ही माझी केवळ सवय समजावी काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. हवे ते पुस्तक आधीच ठरलेले असेल, तर यादी पाहून मागवावे आणि ठाण्याची फेरी वाचवावी. मात्र एखादा विषय मनात असतो आणि पुस्तक ठरलेले नसते, तेव्हा यादीला नेमके काय विचारायचे हेच आपल्याला सुचत नाही, आणि विचारल्याखेरीज ती काही सांगत नाही.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि अनेक अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘कांहीं’, ‘नांव’ असे छापलेले असते आणि नोंद करणाऱ्याने ते तसेच उतरवले असेल, तर ‘काही’ किंवा ‘नाव’ टंकून शोधणाऱ्याला ते पुस्तक सापडेलच असे नाही. कोठे नोंदी रोमन लिपीत आहेत, तर कोठे लेखकाचे आडनाव आधी आणि कोठे नाव आधी. कपाटासमोर उभ्या असलेल्या वाचकाला यातले काहीच आडवे येत नाही.

तरीही कपाटे पाहण्याचा खरा लाभ नवे पुस्तक सापडण्यापेक्षा नको असलेले पुस्तक झटपट बाजूला सारता येण्यात आहे, असे माझे मत आहे. आपण ऐरोलीच्या, म्हणून खाडीचेच उदाहरण घेऊ. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांविषयी वाचायचे आहे आणि कप्प्यात पक्ष्यांवरची तीन पुस्तके दिसत आहेत. तिन्ही खाली काढावीत आणि प्रथम मुखपृष्ठामागच्या पानावरील आवृत्तीचे वर्ष पाहावे. ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ साली घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याआधीच्या पुस्तकात हे असणार नाही, मात्र खाडीचे जुने रूप कदाचित त्यातच मिळेल. मग अनुक्रमणिका पाहावी. मराठी पुस्तकांना शेवटी विषयसूची क्वचितच असते, त्यामुळे अनुक्रमणिकेवरच भिस्त ठेवावी लागते. शेवटी आपल्याला पक्के ठाऊक असलेल्या गोष्टीवरचे एक पान मधूनच वाचावे. हे पक्षी हिवाळ्याच्या सुमारास येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जातात, हे आपण स्वतः पाहिलेले असेल. पुस्तक त्याविरुद्ध सांगत असेल तर ते तेथेच परत करावे. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. यादीवरून मागवलेल्या पुस्तकाचा हाच निकाल घरी नेल्यावर लागतो आणि बदलून आणण्यासाठी पुढचा शनिवार उजाडावा लागतो.

शेजारच्या पुस्तकांचा लाभ मात्र वाचनालयाच्या मांडणीवर अवलंबून असतो. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत पक्ष्यांना ५९८, सस्तन प्राण्यांना ५९९ आणि परिसंस्थांना ५७७ हे क्रमांक आहेत, त्यामुळे पक्ष्यांपासून खारफुटीपर्यंत पोहोचायला फार चालावे लागत नाही. याच पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक येतो, मात्र आपल्याकडे कादंबरी, कथा, चरित्र असे ढोबळ विभाग करून आत दाखल क्रमांकाने पुस्तके लावण्याची रीत अनेक लहान वाचनालयांत दिसते. तेथे शेजारचे पुस्तक विषयाने जवळचे नसते, ते केवळ त्याच सुमारास दाखल झालेले असते. अशा ठिकाणी एका कप्प्यावर न थांबता संपूर्ण विभागावरून नजर फिरवावी.

एक मर्यादाही सांगायला हवी, कारण कपाटांचे कौतुक करणारे ती सांगत नाहीत. कपाटात दिसते ते इतरांनी न नेलेले. मागणी असलेली पुस्तके सभासदांच्या घरी असतात. म्हणून आत शिरण्यापूर्वी खिडकीजवळचा परत आलेल्या पुस्तकांचा ढीग जरूर चाळावा. माझ्या मते वाचनालयातील सर्वांत चांगली निवड तेथेच असते, आणि ती कोणी मुद्दाम केलेली नसते.

वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीचा पुरस्कार डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील आपल्या १९३१ सालच्या ग्रंथात आवर्जून केला आहे. ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा’ हे त्यांतील तिसरे सूत्र. जुन्या, दुर्मीळ ग्रंथांना हे लागू करता येत नाही, हेही मान्य करावे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली स्थापन झालेले आहे. अशा वयाच्या संस्थांना जुना, आम्लामुळे ठिसूळ झालेला कागद सांभाळायचा असतो आणि तो सरसकट हाताळू देणे शक्य नसते. परंतु रोजच्या देवघेवीची पुस्तके मागणीचिठ्ठीमागे बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या वाचनालयाचा तसा विचार असल्यास सभासद म्हणून लेखी हरकत नोंदवावी.

प्रश्न : चाळून झालेले पुस्तक आपणच जागेवर ठेवावे काय? आमच्याकडे यावरून वाद होतो.
– एक सभासद, कळवा

उत्तर : ठेवू नये; टेबलावर ठेवावे. भलत्या कप्प्यात गेलेले पुस्तक यादीत ‘उपलब्ध’ दिसत राहते आणि पुढच्या साठामोजणीपर्यंत कोणालाच मिळत नाही. शिवाय टेबलावर कोणती पुस्तके उरतात, हे पाहून ग्रंथपालांना नेली न जाणारी, तरीही लोक पाहतात अशी पुस्तके कळतात. नोंदवहीत त्यांचा पत्ता लागत नाही, आणि निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तके संग्रहातून कमी करण्याच्या, वेळी नेमक्या त्यांच्यावरच गदा येते.