नाशिकमध्ये ४०,००० रुपये पगारावर किती भाड्याचे घर परवडेल?

सातपूरच्या कारखान्यात ४०,००० रुपये पगाराची नोकरी लागली आहे, गावी दरमहा ८,००० रुपये पाठवायचे आहेत, दुचाकीचा हप्ता ३,५०० रुपये आहे आणि उत्पन्नाच्या ३० टक्के या ठोकताळ्याने १२,००० रुपये भाडे चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते जड जाईल. ८,००० रुपयांच्या आसपास थांबावे.

नेमणूकपत्रावरचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असेल, तर त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा हिस्साही धरलेला असतो. तो, तुमच्या हिश्शाची कपात आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाता हातात सुमारे ३५,००० पडतील असे धरू. ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस हिशोबात मुळीच घेऊ नका, कारण ऑर्डरी घटल्या की पहिली कात्री ओव्हरटाइमला लागते आणि भाडे मात्र तेवढेच राहते.

या ३५,००० मधून गावचे पैसे, हप्ता, किराणा-पेट्रोल-मोबाइलचे ९,००० आणि बचतीचे ४,००० काढले की १०,५०० उरतात. ही रक्कम निव्वळ भाड्याची नाही, घराच्या सगळ्या खर्चाची आहे, आणि बहुतेकांचा हिशोब इथेच फसतो. भाडे ८,०००, मेंटेनन्स ८०० आणि वीजबिल ७०० धरा. एजंटमार्फत घर घेतल्यास दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. ११ महिन्यांच्या करारावर ती विभागली की दरमहा आणखी ७३० रुपये होतात. एकूण १०,२३० रुपये. याच रीतीने १२,००० भाड्याचे घर १४,५९० रुपयांना पडते, म्हणजे तुमची बचत पूर्ण संपते. डिपॉझिट परत मिळणारे असले, तरी ते उसनवारीने भरू नका.

जागा निवडताना पेट्रोलही भाड्यातच मोजा. नाशिकरोडला हजारभर रुपये वाचले, तरी रोज द्वारका चौकातल्या कोंडीतून सातपूर गाठण्यात ते निघून जातील. त्यापेक्षा सातपूरलगतच्या अशोकनगर, श्रमिकनगर भागात आधी पाहा. एखादा विश्वासू सहकारी सोबत राहणार असेल, तर दोघांत १२,००० चे घर खुशाल घ्या. मात्र करारात दोघांचीही नावे घालून तो नोंदणीकृतच करा.