डिग्रीला भाषेची अट आणि घरातली मराठी

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत डिग्रीसाठी इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा यावी लागते. या महिन्यात त्या अटीबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकलेत. चार पत्रं घेतलीत, नावं काढून.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सायकॉलॉजी मेजर. परवा ॲडव्हायजरने सांगितलं की डिग्रीसाठी फॉरेन लँग्वेजची अट अजून बाकी आहे, इंटरमिजिएटपर्यंत, म्हणजे चार सेमिस्टरचे कोर्स, आणि तिच्याकडे तीनच सेमिस्टर उरलीत. घरी ती आमच्याशी आणि आजीशी छान मराठी बोलते पण वाचायला अडखळते, लिहिणं तर नाहीच. मराठी चालेल का, की सरळ स्पॅनिश घेऊन मोकळं व्हावं? घरात रोज यावरून रडारड चाललीय.

उत्तर : आधी रडारड थांबवा, वेळ गेलेली नाहीये. तीन सेमिस्टर आणि मधला एक उन्हाळा आहे ना, बऱ्याच कॉलेजांत उन्हाळ्यात इंटेन्सिव्ह कोर्स असतो, दोन सेमिस्टरचं काम काही आठवड्यांत उरकतात, दमछाक होते पण मुलं करतात. दुसऱ्या कॉलेजात किंवा कम्युनिटी कॉलेजात करायचा असेल तर पैसे भरायच्या आधी तिच्या कॉलेजकडून क्रेडिट (डिग्रीसाठी मोजले जाणारे तास) धरणार असं लेखी घ्या. तोंडी "हो हो चालेल" वर विसंबू नका, मी अमेरिकेत शिकत असताना माझ्या एका मैत्रिणीचा अख्खा उन्हाळा असाच वाया गेलेला बघितलाय.

आता मुख्य गोष्ट. अट नेमकी काय शब्दांत लिहिलीय ते बघा, आणि तेही ज्या वर्षी मुलीने ॲडमिशन घेतली त्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या नियमपुस्तिकेत, कारण सहसा तोच लागू असतो. दोन प्रकार असतात. एकात म्हणतात इतके कोर्स करा. दुसऱ्यात म्हणतात इतकी पातळी दाखवा, कशी मिळवली ते तुमचं तुम्ही बघा. दुसरा प्रकार असेल (आणि बऱ्याच ठिकाणी असतो) तर मराठीला दार उघडं आहे, कारण पातळी परीक्षा देऊन दाखवता येते. सगळीकडे सारखं नसतं हं, शिकागो विद्यापीठात बॅचलर्सला वर्षभराच्या अभ्यासाइतकी पातळी पुरते, इतर कित्येक ठिकाणी दोन वर्षांची लागते. म्हणून शेजारच्यांच्या मुलाचं कसं झालं ते ऐकून निर्णय घेऊ नका.

मराठीची परीक्षा घेणार कोण हा खरा प्रश्न. एपीमध्ये (हायस्कूलमध्येच देतात ती कॉलेजच्या पातळीची परीक्षा) स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चायनीज, जॅपनीज, लॅटिन आहेत, मराठी नाही आणि हिंदीही नाही. क्लेपमध्ये (कोर्स न करता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय) फक्त स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन. म्हणजे नेहमीचे दोन्ही रस्ते बंद. उरतं काय, तर एक म्हणजे कॉलेज स्वतः परीक्षक शोधतं. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत मराठी शिकवली जात आलीय, तिथल्या शिक्षकांकडून पेपर तपासून घेता येईल का असं मुलीने स्वतः ईमेल करून विचारावं, आईबाबांनी नाही, मुलांच्या ईमेलला उत्तर लवकर येतं. दुसरं म्हणजे बाहेरची परीक्षा. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी पन्नासहून जास्त भाषांच्या प्रोफिशियन्सी परीक्षा घेत आलीय, त्या अजून चालू आहेत का, त्यात मराठी आहे का आणि तुमचं कॉलेज तो स्कोअर मानतं का, हे सगळं आधी विचारा. मुलगी लहानपणी उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जात असेल आणि भारती विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या असतील तर ती सर्टिफिकेटं शोधून ठेवा. त्यावर थेट सूट मिळेलच असं नाही पण अर्जाला वजन येतं. हायस्कूलच्या डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात असा शिक्का, मिळालं असेल (कॅलिफोर्नियाने २०११ साली याचा कायदा केला, मग बाकीची राज्यं आली) तर तेही जोडा.

पण बोलता येतं म्हणजे झालं असं समजू नका. परीक्षेत लिहायचं असतं, आणि घरची मराठी बोलणाऱ्या मुलांची गाडी तिथेच अडते, माझा पुस्तक, माझी घर, ळ च्या जागी ल. चार महिने रोज पाऊण तास द्यायला लावा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पहिलीपासून सुरू करून चौथीपर्यंत जायचं, लाजायचं काही कारण नाही. आणि आजी आहे घरात, याहून मोठी सोय कुठली! आजीला सांगा रोज चार ओळी हाताने लिहून द्यायच्या, मुलीने वाचून हातानेच उत्तर लिहायचं, आजीने लाल पेनाने खुणा करायच्या. मोबाइलवर बोलून टाइप करणं यात धरू नका, त्याने लिहिणं येत नाही.

हे जमणार नाही असं वाटलं तर हिंदीचा विचार करा, देवनागरी दोन्हीकडे कामाला येते. फक्त शिक्षकांना पहिल्याच दिवशी खरं सांगायचं की घरी मराठी आहे, हिंदी सिनेमे कळतात. काही येत नाही असं भासवून प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) मुद्दाम वाईट देणारी मुलं असतात, ते खोटं आहे आणि पकडलं गेलं तर भलतंच प्रकरण होतं. उलट खरं सांगितलं तर वरच्या वर्गात बसवतील आणि एखादं सेमिस्टर वाचेल.

आणि स्पॅनिशच घ्यायची असेल तर घेऊ दे, पण "सगळे घेतात, सोपी असते" म्हणून नको. मराठी येणाऱ्या मुलीला त्यात एक गंमत सापडते. इंग्रजी बोलणारी मुलं "मे गुस्ता एल काफे" शिकताना गोंधळतात कारण ज्याला आवडते ती व्यक्ती वाक्याची कर्ता नाहीये, कॉफी कर्ता आहे. आपल्याकडे काय म्हणतो? मला कॉफी आवडते. तेच की! मे म्हणजे मला. तू आणि आपण यातला फरकही स्पॅनिशमध्ये आहे, आणि त, द चे उच्चार आपल्यासारखे दाताला जीभ लावून. पागार म्हणजे पैसे देणे, आपला पगार पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांची भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. तिला सांगा की शिकताना डोक्यात इंग्रजी बाजूला ठेव आणि मराठीतून जा.

प्रश्न : मी सांगलीचा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावी सायन्स इंग्लिशमधून. आता अमेरिकेत बॅचलर्स करतोय. मित्र म्हणतो तुला फॉरेन लँग्वेज माफ आहे, ऑफिसवाले म्हणतात कागद दाखव. नक्की काय?

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. बऱ्याच विद्यापीठांच्या नियमात असं असतं की माध्यमिक शिक्षण इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतून झालेलं असेल तर अट पुरी झाली असं धरतात, कारण अटीचा अर्थच इंग्रजीव्यतिरिक्त एक भाषा यावी असा आहे, तुझ्यासाठी मराठी परदेशी नसली तरी त्यांच्या हिशोबात ती दुसरी भाषाच. पण कुठल्या इयत्तेपर्यंतचं शिक्षण लागतं ते प्रत्येकाचं वेगळं, आणि तुझी बारावी इंग्लिशमधून आहे हे ते विचारणारच. दहावीचं बोर्डाचं मार्कलिस्ट काढ, पण त्यावरून माध्यम कळेलच असं नाही, म्हणून शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचं सही-शिक्क्याचं पत्र घे की पहिली ते दहावी सगळे विषय मराठीतून शिकवले गेले. घरच्यांना सांग शाळेत जाऊन आण, मे महिन्यात शाळा बंद असते, त्याआधी. बारावीला मराठी विषय घेतला असशील तर तेही मार्कलिस्ट जोड. आणि हो, माफ झालं तरी क्रेडिट मिळत नाहीत, ते तास दुसऱ्या विषयांनी भरावे लागतात, शेवटच्या सेमिस्टरला क्रेडिट कमी पडलेली मुलं मी पाहिलीत.

प्रश्न : ताई, मी पुण्याची, अमेरिकेत आर्ट हिस्टरीत पीएचडी करतेय, विषय अजिंठा. डिपार्टमेंटची अट आहे की संशोधनाच्या दोन भाषा हव्यात. एक संस्कृत धरली, दुसरी जर्मनची रीडिंग एक्झाम पुढच्या वर्षी द्यायचीय. दोन तासांत एक उतारा इंग्रजीत आणायचा, डिक्शनरी चालते. मला वाटतं हे निव्वळ जुनं लोढणं आहे, मशीन ट्रान्सलेशनच्या जमान्यात कशाला? आणि जर्मन वाक्यं वाचताना मी हरवून जाते.

उत्तर : तुझी चिडचिड समजते पण पटत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर नेमक्या कुठल्या कथा रंगवल्यात हे ओळखण्याचं प्रचंड काम जर्मन अभ्यासक डीटर श्लिंग्लॉफ यांनी केलंय, आणि त्यातलं बरंचसं मूळ जर्मनमध्ये लिहिलंय. संस्कृतचा सेंट पीटर्सबर्गचा मोठा कोश, बॉटलिंक आणि रोट यांचा, १८५५ ते १८७५ मध्ये सात खंडांत निघाला, त्यात संस्कृत शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये दिलेत. मशीनने तुला वाक्याचा साधारण अर्थ मिळेल, पण "ही आकृती अमुक जातकातली (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतली) असू शकते" आणि "असावी" यातला फरक मशीनने बुजवला तर तुझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण चुकेल, आणि चुकलंय हे तुला कळणारही नाही.

आता हरवून जाण्याबद्दल. मी स्वतः अशाच परीक्षेत पहिल्यांदा नापास झालेय, म्हणून हे पोटतिडकीने लिहितेय. मी प्रत्येक जर्मन वाक्य थेट इंग्रजीत बसवायला जायचे आणि ते तुटायचं. मग एक दिवस सहज मराठीत करून बघितलं आणि गाठ सुटली. हे बघ, "दास इन पूना गेड्रुक्टे बूख". इंग्रजीवाला विद्यार्थी इथे अडतो कारण दास आणि बूख यांच्या मध्ये एवढं सगळं कोंबलंय. मराठीत म्हण : ते पुण्यात छापलेलं पुस्तक. शब्दाला शब्द, क्रम तोच! आणि दास नपुंसकलिंगी, आपलं पुस्तकही नपुंसकलिंगी. असली लांबलचक विशेषणं जर्मन शोधनिबंधात पानोपानी असतात, तीन तीन ओळींची, आणि मराठी मुलीला ती वाचायला उपजत येतात, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नसतं. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्यासारखंच. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, मुलीला जर्मनमध्ये नपुंसकलिंग लागतं याचं लोकांना नवल वाटतं, आपण नाही का ते पोरगं म्हणत! लिंगं प्रत्येक शब्दाला जुळतील असं नाही, ते पाठच करावं लागतं, पण कल्पना नवी नाही. लांब सामासिक शब्द संस्कृतचा समास सोडवतात तसे शेवटून सोडव.

त्यामुळे रीत अशी ठेव : रोज एक परिच्छेद, आधी क्रियापदं शोधून खाली रेघ, मग वाक्य कच्च्या मराठीत, मग इंग्रजीत. पहिले तीन महिने फक्त व्याकरण, बोलण्याच्या क्लासच्या मागे लागू नकोस, कॅफेत ऑर्डर कशी द्यायची ते या परीक्षेत येत नाही. उन्हाळ्यात पुण्यात येणार असशील तर फर्ग्युसन रोडच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात चौकशी कर, पण तिथले कोर्स बहुतेक बोलणं-लिहिणं सगळं धरून असतात, तुला एखादे जर्मन शिक्षक गाठून फक्त वाचनाची शिकवणी लावता आली तर उत्तम. पंधरा दिवसांतून एकदा घड्याळ लावून उतारा सोडव, आणि डिक्शनरी छापील वापरायची असेल तर सरावही छापील डिक्शनरीवरच कर, पानं उलटण्यात वेळ जातो.

लोढणं या शब्दावरून एक सांगते. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायची होती, अस्पृश्य म्हणून ती घेऊ दिली नाही, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या जोरावर शिकले. आणि १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात शिकायचं ठरवलं तेव्हा अर्ज त्यांनी जर्मनमध्ये लिहिला. तुला संस्कृत आणि जर्मन दोन्हींची दारं उघडी आहेत, एक वर्ष दे त्याला.

प्रश्न : माझ्या भावाला डिस्लेक्सिया आहे. इंजिनिअरिंग सोडून तो आर्ट्सला गेला आणि आता भाषेची अट मध्ये आली. फ्रेंचच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच नापास झालाय, घरचे म्हणतात अभ्यास करत नाही.

उत्तर : अभ्यास करत नाही हे आधी बंद करा, घरच्यांना हे वाक्य माझ्या नावाने वाचून दाखवा. वाचायला त्रास होणाऱ्या मुलाला नवीन भाषेचं स्पेलिंग म्हणजे डोंगर, आणि फ्रेंचमध्ये तर लिहितात एक आणि बोलतात एक. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत डिसॅबिलिटी ऑफिसमार्फत भाषेच्या कोर्सऐवजी त्या देशाच्या संस्कृतीचे, इतिहासाचे किंवा साहित्याच्या भाषांतरांचे कोर्स घेऊन अट पुरी करायची सोय असते. त्यासाठी मानसतज्ज्ञांचा टेस्टिंग रिपोर्ट लागतो, आणि तो फार जुना चालत नाही, शाळेत असतानाचा असेल तर नवीन करून घ्यावा लागेल. अर्ज पुन्हा नापास व्हायच्या आधी करा, नंतर नाही. या सेमिस्टरला फ्रेंच चालू असेल तर विदड्रॉ करायची, म्हणजे कोर्स मधेच सोडायची, शेवटची तारीख कधी आहे ते आजच बघा.