पेतोंक्लला सरसकट ‘स्कॅलप’ लिहू नका

फ्रेंच मासळी व्यापाऱ्याच्या मालयादीचं इंग्रजी करताना ‘कोकीय सॅं-जाक’ आणि ‘पेतोंक्ल’ या दोन्हींना शब्दकोश ‘स्कॅलप’च (पंख्याच्या आकाराचा खायचा शिंपला) देतो, मग तेच ठेवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. याच नावांवरून कॅनडा १९९५ मध्ये फ्रान्सच्या नियमाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेला होता. मागोमाग पेरू आणि चिलीही. आपला शिंपला फ्रेंच बाजारात ‘सॅं-जाक’ म्हणून विकता येणार नाही, म्हणजे भाव पडणार, ही त्यांची तक्रार. १९९६ मध्ये तडजोड झाली. गंमत म्हणजे फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांतात कॅनडाचा हाच शिंपला राजरोस ‘पेतोंक्ल’ म्हणून खपतो!

म्हणून आधी कागद कुठल्या किनाऱ्यावरचा आहे ते बघा, मग शास्त्रीय नाव. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमानुसार किरकोळ विक्रीच्या लेबलवर व्यापारी नावासोबत ते लागतंच, तेव्हा ग्राहकाकडून लेबलचा फोटो मागवा. पेक्टेन मॅक्सिमस असेल तर ब्रिटिश इंग्रजीत ‘किंग स्कॅलप’. प्लाकोपेक्टेन असेल तर अमेरिकी ‘सी स्कॅलप’. यादीत ‘वानो’ दिसला तर तो ‘क्वीन स्कॅलप’. शब्दकोश तिथे टिटवी देईल. ‘तूर्तो’ला तर पेंड म्हणेल, गुरांची! तो खायचा तांबूस खेकडा, ब्रिटनमधला ‘ब्राउन क्रॅब’. मशीनने केलेल्या भाषांतरात असले नमुने हमखास सापडतात.

‘क्लॅम’चंही तसंच. इंग्रजीत तो ढोबळ शब्द आहे, पण फ्रान्सच्या मासळी बाजारात ‘क्लाम’ म्हणजे अमेरिकेहून आलेली एकच जात, मर्सेनारिया. ‘पालूर्द’, ‘प्रेर’, ‘कोक’ हे शिंपले वेगळे. त्यातलं शेवटचं तर इंग्रजीत ‘कॉकल’ होतं.

सगळ्यात जपायचं ते ‘लांगुस्तीन’ला, म्हणजे नांग्यांच्या लहान, सडपातळ लॉब्स्टरला. अन्न व कृषी संघटनेच्या यादीत ते ‘नॉर्वे लॉब्स्टर’, तीन अक्षरी कोड एन-ई-पी. ब्रिटिश मेनूवर शेपटीचा भाग ‘स्कँपी’ होतो आणि स्कॉटलंडचे मच्छीमार त्यालाच ‘प्रॉन’ म्हणतात. त्यांच्या कागदावरचं ‘प्रॉन’ उलट फ्रेंचमध्ये ‘क्रव्हेत’ केलंत, तर ग्राहक कोळंबीची वाट बघत बसेल. ‘क्रॉफिश’ही असाच: कॉर्नवॉलमध्ये समुद्रातली ‘लांगुस्त’ (शेवंड), लुइझियानात गोड्या पाण्यातली ‘एक्रव्हीस’. माझ्या शब्दांच्या तक्त्यात मी हा तीन अक्षरी कोड पहिल्या रकान्यात ठेवतो, नावं त्यानंतर.

तुम्हाला मराठी रकानाही हवाय म्हणून: शेवंड हे ‘लांगुस्त’ला चालेल, दोन्ही बिननांग्यांच्या. ‘ओमार’ला मात्र जाडजूड नांग्या असतात, तो आपल्या समुद्रात मिळत नाही. तिथे सरळ ‘लॉब्स्टर’ लिहा आणि पुढे ‘नांग्यांचा’ एवढं जोडा.