सरपंचाविरुद्धची तक्रार फिरून ग्रामसेवकाकडेच येते तेव्हा

बंदिस्त गटार जागेवर नाही, बिल मात्र निघालंय आणि पंचायत समिती "चौकशी सुरू आहे" एवढंच सांगते, ही तुमच्या गावच्या सरपंचाविरुद्धची तक्रार वाचली आणि आमच्या गावचं सगळं आठवलं. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक होते, बाकी प्रकार तोच. माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात जात नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान एका कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. तक्रारीला जागेचे फोटो आणि ई-ग्रामस्वराज्य या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवरून काढलेलं व्हाउचर जोडलं होतं. तिथे अर्जावर "नियमोचित कार्यवाहीसाठी अग्रेषित" असा शेरा पडला, अर्ज खाली गेला आणि खालच्यांनी ग्रामसेवकाकडूनच वस्तुस्थितीदर्शक अहवाल मागवला. अहो, वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डोंगल, म्हणजे डिजिटल सही, लागल्याशिवाय निघतच नाहीत! ज्याच्या सहीने पैसे गेले त्यालाच विचारलं, पैसे नीट गेले का. काम पूर्ण असल्याचा अहवाल आला, प्रकरण निकाली. पुन्हा वर दाद मागितली की तोच अहवाल जोडून उत्तर. जागेवर येऊन कुणी टेप लावली नाही, आणि तोवर सरपंचाची मुदत संपत आली. त्याचा संताप अजून जात नाही.

म्हणून मोघम "चौकशी व्हावी" असं लिहू नका. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39(1) खाली सरपंचाला पदावरून काढण्याची मागणी करा. अर्ज विभागीय आयुक्तांना, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, म्हणजे सीईओंना. ही चौकशी सीईओंनी नोटीस देऊन, म्हणणं ऐकून करायची असते. ग्रामसेवकाचा अहवाल म्हणजे ती चौकशी नव्हे, हे अर्जातच लिहा. एका अर्जात एकच काम घ्या. गावातली सगळी गाऱ्हाणी एकत्र घातली की त्यातलं सगळ्यात किरकोळ उचलून उत्तर देतात.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, ग्रामपंचायतीत मागू नका, तिथे माहिती अधिकारी ग्रामसेवकच (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असतो. बांधकाम उपविभागाकडे मागा. माहिती अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते, ती जरूर मागा.

ठेका सरपंचाच्या घरच्यांकडे असेल तर माझ्या मते कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज अधिक भक्कम. तिथे किती पैसे खाल्ले हे नव्हे, कामात सरपंचाचा हितसंबंध होता एवढंच दाखवायचं असतं. मी वकील नाही, अर्ज करण्याआधी तालुक्यातल्या चांगल्या वकिलाला दाखवा.

आणि मनाची तयारी ठेवा. आयुक्तांनी काढलं तरी अपील राज्य सरकारकडे, म्हणजे ग्रामविकास मंत्र्यांपुढे जातं. स्थगिती मिळाली की तोच माणूस पुन्हा खुर्चीत. निवडून आलेल्याचा निवाडा निवडून आलेल्यानेच करायचा, ही तरतूदच मला चुकीची वाटते. वरच्या पातळीवरही प्रकरणं अशीच लटकतात. मुंबईतल्या आदर्श सोसायटी प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटला चालवायची परवानगी राज्यपालांनी 2013 मध्ये नाकारली, पुढच्या राज्यपालांनी 2016 मध्ये दिली, उच्च न्यायालयाने 2017 मध्ये ती रद्द केली. दोषी की निर्दोष हा प्रश्न बाजूलाच, खटला चालवायचा की नाही यातच इतकी वर्षं गेली.

तेव्हा आयुक्तांचा आदेश तुमच्या बाजूने झाला की थांबू नका. "तक्रारदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये" असा अर्ज लगेच मंत्रालयात ग्रामविकास विभागाकडे द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.